मूत्रपिंडाची तीव्र इजा आणि रुग्णालयातील मृत्युदर

मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणजे काही तासांत किंवा काही दिवसांत मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता एकाएकी घटणे होय. या विकारास पूर्वी ‘मूत्रपिंड तीव्रतेने निकामी होणे’ असे म्हटले जाई. आज वैद्यकीय व्यवहारात त्याचा उल्लेख इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एकेआय’ असा होतो. घरी असलेल्या माणसालाही हा विकार होऊ शकतो. तथापि त्याची गाठ बहुधा रुग्णालयातच पडते. कारण जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया, रक्तदाब कोसळणे, मूत्रपिंडांना घातक ठरणारी औषधे इत्यादी त्याची प्रमुख कारणे तेथेच एकत्र येतात. जगभरातील ३१२ अभ्यासांची एकत्रित छाननी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांपैकी २१.६ टक्के व बालकांपैकी ३३.७ टक्के रुग्णांना ही इजा झाल्याचे आढळले. इजा झालेल्यांपैकी २३.९ टक्के प्रौढ व १३.८ टक्के बालके दगावली.

हा मृत्युदर सर्वत्र सारखा नसतो. भूकंपात ढिगाऱ्याखाली सापडलेला धडधाकट तरुण, अतिसाराने कोरडे पडलेले मूल आणि अतिदक्षता विभागातील सेप्सिसचा वृद्ध रुग्ण या तिघांच्या मूत्रपिंडांना झालेली इजा कागदावर एकाच नावाने नोंदली जाते. परंतु तिघांचे भवितव्य अगदी निरनिराळे असते. म्हणून या विकारातील मृत्यूचा आकडा वाचताना तो कोणत्या रुग्णांचा, कोणत्या व्याख्येनुसार आणि किती दिवसांपर्यंतचा, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

व्याख्या आणि टप्पे

मूत्रपिंडांचे कार्य मोजण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन या पदार्थाचे प्रमाण पाहतात. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये सतत तयार होते व मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाते. गाळण मंदावली की ते रक्तात साचू लागते. २००४ साली ‘रायफल’ आणि २००७ साली ‘एकिन’ या वर्गवाऱ्या मांडण्यात आल्या. त्यांचा मेळ घालून ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली जी व्याख्या दिली, ती आज सर्वमान्य आहे. तीनुसार पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट घडल्यास मूत्रपिंडाची तीव्र इजा झाली असे मानतात :

• ४८ तासांत क्रिएटिनिन प्रति डेसिलिटर ०.३ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढणे;
• सात दिवसांच्या आत क्रिएटिनिन मूळ पातळीच्या दीडपट किंवा त्याहून अधिक होणे;
• सलग सहा तास लघवीचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी ०.५ मिलिलिटरपेक्षा कमी राहणे.

इजेचे तीन टप्पे केले जातात. क्रिएटिनिन मूळ पातळीच्या दीडपट ते दुपटीच्या आत असल्यास (अथवा वरीलप्रमाणे ०.३ मिलिग्रॅमने वाढल्यास) पहिला, दुप्पट ते तिपटीच्या आत असल्यास दुसरा आणि तिप्पट किंवा अधिक झाल्यास तिसरा टप्पा होय. क्रिएटिनिन ४ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचले किंवा डायलिसिस सुरू करावे लागले, तरीही टप्पा तिसराच धरतात. लघवीच्या प्रमाणानुसारही असेच टप्पे ठरविलेले आहेत.

ही व्याख्या वाटते त्यापेक्षा सूक्ष्म आहे. ६० किलो वजनाच्या रुग्णाला सहा तासांत १८० मिलिलिटरपेक्षा कमी, म्हणजे पेलाभरही लघवी झाली नाही, तर तो या व्याख्येत बसतो. तसेच एखाद्या रुग्णाचे क्रिएटिनिन सोमवारी ०.७ आणि बुधवारी १.१ आले, तर हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेच्या अहवालात ‘सामान्य’ मर्यादेतच दिसतात. प्रत्यक्षात मात्र दोन दिवसांत ते दीडपटीहून अधिक वाढलेले असते व रुग्ण पहिल्या टप्प्यात गेलेला असतो. एकच अहवाल पाहणाऱ्यास ही इजा दिसत नाही. दोन अहवाल शेजारी ठेवणाऱ्यासच ती दिसते. शिवाय मूत्रपिंडाला दुखापत झाल्यानंतर क्रिएटिनिन वाढून दिसेपर्यंत एक-दोन दिवस जाऊ शकतात, आणि स्नायू क्षीण झालेल्या वृद्धांत ते मुळातच कमी असल्याने धोक्याची सूचना आणखी उशिरा मिळते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत घरांच्या ढिगाऱ्याखाली तासन्‌तास अडकलेल्या काही व्यक्ती सुटकेनंतर प्रथम बऱ्या दिसत, परंतु पुढे त्यांची लघवी गडद होऊन कमी होत जाई आणि साधारण आठवड्याभरात त्यांचा मृत्यू होई. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ साली अशा चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. चौघेही दगावले होते. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडांना निकामी करतात, हे या अभ्यासामुळे वैद्यकजगताच्या ठळकपणे लक्षात आले.

त्याच काळात नेदरलँड्समधील कांपेन या गावी विलेम कोल्फ हे डॉक्टर सेलोफेनच्या नळीचे वेढे फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार करीत होते. १९४३ पासून त्यांनी उपचार केलेले सुरुवातीचे जवळजवळ सर्व रुग्ण वाचू शकले नाहीत. १९४५ साली मात्र ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री या यंत्रावरील उपचारानंतर शुद्धीवर आली व बरी झाली. डायलिसिसने प्राण वाचल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

कोरियन युद्धात अमेरिकी लष्कराने १९५२ साली वोन्जू येथील रुग्णालयात कृत्रिम मूत्रपिंडाची सोय केली. जखमांमुळे मूत्रपिंडे बंद पडलेल्या सैनिकांतील मृत्यूचे प्रमाण महायुद्धाच्या काळात सुमारे ९० टक्के होते. ते येथे ५३ टक्क्यांच्या आसपास आले. यानंतर डायलिसिसचा प्रसार झाला. परंतु डायलिसिस लागणाऱ्या गंभीर रुग्णांतील मृत्युदर त्या प्रमाणात घसरला नाही, तो पुढील कित्येक दशके निम्म्याच्या आसपास रेंगाळला. याचे एक कारण असे, की यंत्रे सुधारत असतानाच रुग्णही बदलत होते. पूर्वीचा रुग्ण तरुण जखमी सैनिक किंवा प्रसूतीत रक्तस्राव झालेली माता असे. पुढच्या काळातील रुग्ण वयस्क, मधुमेह वा हृदयविकार असलेला आणि अनेक अवयव एकाच वेळी बिघडलेला असा होता.

प्रमुख अभ्यास आणि आकडे

सर्वसाधारण वॉर्डांतील रुग्णांविषयी अमेरिकेतील दोन अभ्यास वारंवार उद्धृत केले जातात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,२६२ दाखल रुग्णांपैकी ४.९ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे रुग्णालयात आल्यानंतर बिघडली व त्यांपैकी सुमारे २५ टक्के रुग्ण मरण पावले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात ४,६२२ रुग्णांपैकी ७.२ टक्के रुग्णांना हा त्रास झाला व मृत्यूचे प्रमाण १९.४ टक्के होते. दोन्ही अभ्यासांत मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटणे, शस्त्रक्रिया, औषधे आणि क्ष-किरण तपासणीसाठी टोचले जाणारे रंगद्रव्य ही कारणे पुढे आली.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या व सुमारे २० हजार प्रौढ रुग्णांवर आधारलेल्या अमेरिकी अभ्यासाने या विषयाची दिशा बदलली. क्रिएटिनिन ०.५ मिलिग्रॅमने वाढलेल्या रुग्णांत, वय व इतर आजार हिशेबात घेऊनही, मृत्यूची शक्यता ‘ऑड्स’ या संख्याशास्त्रीय मापाने ६.५ पट असल्याचे त्यात दिसले. त्यांचा रुग्णालयातील मुक्कामही सरासरी साडेतीन दिवसांनी वाढला होता. तोवर क्षुल्लक समजली जाणारी वाढ क्षुल्लक नाही, हे यातून स्पष्ट झाले. आजच्या व्याख्येत ०.३ इतकी लहान मर्यादा येण्यामागे अशा निष्कर्षांचा वाटा आहे.

अतिदक्षता विभागांतील चित्र अधिक गंभीर आहे.

• २००५ साली प्रसिद्ध झालेल्या २३ देशांतील पाहणीत २९ हजारांहून अधिक अत्यवस्थ रुग्णांपैकी ५.७ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे तीव्र स्वरूपात निकामी झाली होती. त्यांपैकी ६०.३ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. सर्वाधिक आढळणारे कारण सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळणे हे होते.
• २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांतील पाहणीत १,८०२ रुग्णांपैकी ५७.३ टक्के रुग्णांना इजा झाली होती व त्यांच्यातील मृत्युदर २६.९ टक्के होता. टप्पा जसजसा वाढत गेला तसतशी मृत्यूची शक्यताही वाढली. इजा न झालेल्यांच्या तुलनेत पहिल्या टप्प्यात ती ऑड्सच्या मापाने १.७ पट, दुसऱ्यात सुमारे ३ पट, तर तिसऱ्यात जवळजवळ ७ पट होती.
• कोविड-१९ च्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्क परिसरातील दाखल रुग्णांच्या अभ्यासात ५,४४९ रुग्णांपैकी ३६.६ टक्के रुग्णांना ही इजा झाली आणि इजा झालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण दगावले.

६०.३ आणि २६.९ या दोन आकड्यांतील तफावत पाहून दहा वर्षांत मृत्युदर निम्म्यावर आला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पहिल्या पाहणीत केवळ तीव्र बिघाड झालेले रुग्ण मोजले होते, तर दुसरीत पहिल्या टप्प्यातील सौम्य इजाही धरली होती. छेद मोठा झाला की टक्केवारी आपोआप घसरते. अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींनुसार १९८८ ते २००२ या काळात या विकारातील मृत्युदर ४०.४ टक्क्यांवरून २०.३ टक्क्यांवर उतरला. तेथेही सौम्य रुग्णांची नोंद होण्याचे प्रमाण वाढल्याचा परिणाम विचारात घ्यावा लागतो. मात्र डायलिसिस लागलेल्या रुग्णांतही तो ४१.३ वरून २८.१ टक्क्यांवर आला, हे लक्षणीय आहे.

मृत्यूची कारणे

मूत्रपिंडे बंद पडल्याने थेट येणारा मृत्यू प्रामुख्याने तीन मार्गांनी येतो. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते व ते थांबू शकते. साचलेले पाणी फुप्फुसांत उतरून श्वास कोंडतो. आणि रक्तातील आम्लता वाढून सर्वच पेशींचे व्यवहार विस्कळीत होतात. डायलिसिस उपलब्ध असेल तर या तिन्हींवर मात करता येते.

रुग्णालयातील बहुसंख्य मृत्यू मात्र याहून निराळ्या वाटेने येतात. सेप्सिस, हृदयाची दुर्बलता, यकृताचा विकार किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत यांमुळे मूत्रपिंडे बिघडतात, आणि तोच मूळ आजार रुग्णाचा अंत घडवितो. अशा वेळी मूत्रपिंडाची इजा ही मृत्यूचे कारण असते की मूळ आजाराच्या तीव्रतेची खूण, हा प्रश्न उरतो. संशोधकांच्या मते दोन्ही अंशतः खरे आहे. इजेमुळे रोगप्रतिकारशक्ती दुबळी होते, शरीरात पाणी साचून फुप्फुसांवर व हृदयावर ताण येतो, आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या औषधांची मात्रा न बदलल्यास ती शरीरात साठून विषारी ठरतात.

सोबतच्या आजाराचे महत्त्व तुर्कस्तानातील अनुभवाने ठळक होते. १७ ऑगस्ट १९९९ च्या मार्मारा भूकंपानंतर चिरडले गेल्यामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या ६३९ व्यक्तींची नोंद झाली व त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस करावे लागले. तरीही मृत्यूचे प्रमाण १५.२ टक्के इतकेच राहिले. बायवॉटर्स यांच्या चौघा रुग्णांना झालेला विकार हाच होता. मधल्या अर्धशतकात डायलिसिस व त्वरित द्रवपुरवठा हे उपाय हाती आले होते, आणि या रुग्णांपैकी बहुतेकांचे इतर अवयव भूकंपापूर्वी धडधाकट होते.

डायलिसिसची मर्यादा

डायलिसिस अधिक प्रमाणात केल्यास अधिक रुग्ण वाचतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. ती मोठ्या चाचण्यांत खरी ठरली नाही. अमेरिकेतील १,१२४ रुग्णांवरील चाचणीत (२००८) अधिक मात्रेच्या डायलिसिसच्या गटात ६० दिवसांतील मृत्यू ५३.६ टक्के, तर नेहमीच्या मात्रेच्या गटात ५१.५ टक्के होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १,५०८ रुग्णांवरील चाचणीत (२००९) ९० दिवसांतील मृत्युदर दोन्ही गटांत ४४.७ टक्के असा एकच निघाला.

डायलिसिस लवकर सुरू करण्याविषयीही असेच घडले. १५ देशांतील सुमारे ३ हजार रुग्णांवरील चाचणीत (२०२०) लवकर सुरुवात केलेल्या गटात ४३.९ टक्के आणि गरज पडेपर्यंत थांबलेल्या गटात ४३.७ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. थांबलेल्या गटातील सुमारे ३८ टक्के रुग्णांना डायलिसिस कधी करावेच लागले नाही. उलट लवकर सुरुवात झालेल्यांपैकी जे वाचले, त्यांच्यात ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर अवलंबून राहणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळले. हे निष्कर्ष तातडीचे संकट नसलेल्या रुग्णांपुरते आहेत. पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले असेल किंवा फुप्फुसांत पाणी भरले असेल, तर डायलिसिसला विलंब करता येत नाही.

टाळता येणारे मृत्यू

झालेली इजा भरून काढणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. म्हणून भर प्रतिबंधावर आणि वेळीच ओळखण्यावर असतो. ब्रिटनमध्ये या विकाराने मरण पावलेल्या रुग्णांच्या कागदपत्रांची तपासणी एनसीईपीओडी या संस्थेने केली व २००९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्याच रुग्णांना चांगल्या दर्जाची शुश्रूषा मिळाल्याचे तीत दिसून आले. उणिवा बहुधा साध्या होत्या : नियमित रक्ततपासणी न होणे, लघवीची नोंद न ठेवणे आणि बदल उशिरा ध्यानात येणे.

त्यावर उपाय म्हणून संगणकाद्वारे डॉक्टरांना आपोआप इशारा देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आली. परंतु अमेरिकेतील सहा रुग्णालयांत ६,०३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२१) केवळ इशाऱ्याने मृत्यू कमी झाले नाहीत. इशाऱ्यानंतर रुग्णाजवळ जाऊन पुढील गोष्टी केल्या जाणे हेच महत्त्वाचे ठरते :

• रक्तदाब व शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासून आवश्यक तेवढेच द्रव देणे;
• जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके विनाविलंब सुरू करणे;
• वेदनाशामक गोळ्या व काही प्रतिजैविके यांसारखी मूत्रपिंडांना घातक ठरू शकणारी औषधे थांबविणे किंवा त्यांची मात्रा बदलणे;
• मुतखडा किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांमुळे लघवीचा मार्ग अडला आहे काय, हे सोनोग्राफीने पाहणे;
• लघवीची तासागणिक नोंद व क्रिएटिनिनची दररोज तपासणी करणे.

चांगल्या हेतूने दिलेले उपचारही तपासून पाहावे लागतात. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी दीर्घकाळ वापरात असलेले अल्प मात्रेतील डोपामिन निरुपयोगी असल्याचे २००० साली सिद्ध झाले. सेप्सिसच्या रुग्णांना शिरेतून दिल्या जाणाऱ्या एका पिष्टयुक्त द्रवामुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, असे २०१२ च्या चाचणीत आढळले. त्या द्रवाच्या गटात ९० दिवसांत ५१ टक्के, तर साध्या क्षारद्रवाच्या गटात ४३ टक्के रुग्ण मरण पावले.

भारत आणि महाराष्ट्र

भारतातील मोठ्या शहरांच्या अतिदक्षता विभागांत या विकाराचे स्वरूप पाश्चात्त्य देशांसारखेच आहे. ग्रामीण भागात मात्र अतिसार, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश आणि प्रसूतीतील गुंतागुंत ही कारणे ठळक आहेत. असे रुग्ण तुलनेने तरुण असतात व त्यांचा मूळ आजार बरा होण्याजोगा असतो. त्यामुळे येथील मृत्यूंचा मोठा भाग उशिरा उपचार मिळण्याशी निगडित आहे.

महाराष्ट्रात भातशेतीच्या हंगामात घोणस चावल्याचे प्रकार घडतात. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडांना इजा होते. प्रतिसर्पविष देण्यास जितका उशीर, तितका हा धोका वाढतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा हा आजार यकृताबरोबर मूत्रपिंडांवरही आघात करतो. अतिसारात जलसंजीवनीचा वेळीच केलेला वापर शरीर कोरडे पडू देत नाही व पर्यायाने मूत्रपिंडांचेही रक्षण करतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानंतर सुरक्षित गर्भपाताची वाट खुली झाली, आणि असुरक्षित गर्भपातातील जंतुदोषाने मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण देशात पुढील दशकांत कमी होत गेले.

दूषित औषधांमुळे झालेल्या मृत्यूंची नोंदही या इतिहासात आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. याच विषारी द्रव्यामुळे पुढे बांगलादेशातही तापावरील औषध घेतलेली अनेक बालके मरण पावली.

उपचाराअभावी या विकाराने होणारे टाळण्याजोगे मृत्यू २०२५ पर्यंत शून्यावर आणावेत, असे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी सोसायटीने २०१३ साली जाहीर केले होते. यंत्र, वीज व शुद्ध पाण्याची मोठी व्यवस्था नसलेल्या ठिकाणी पोटातील आवरणाचा गाळणी म्हणून उपयोग करणारे पेरिटोनियल डायलिसिस हा उपाय त्यात महत्त्वाचा मानला गेला.

रुग्णालयातून घरी गेल्यानंतर

वाचलेल्या रुग्णाचा धोका सुट्टी मिळताच संपत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित छाननीनुसार अशी इजा होऊन गेलेल्यांना पुढे मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार जडण्याचा धोका सुमारे ९ पट, कायमचे निकामी होण्याचा धोका सुमारे ३ पट आणि मृत्यूचा धोका २ पट असतो. यास्तव घरी गेल्यानंतर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासणे, रक्तदाब नियंत्रणात ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वेदनाशामक गोळ्या न घेणे हितावह असते. सुट्टीच्या कागदावर या इजेची स्पष्ट नोंद असली, तर पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती उपयोगी पडते. नोंद नसेल तर रुग्णाला आपल्या मूत्रपिंडांवर असा प्रसंग येऊन गेला होता, हे ठाऊकही होत नाही.

हेही पहा

• मूत्रपिंड
• डायलिसिस
• सेप्सिस
• लेप्टोस्पायरोसिस
• घोणस